चुलीमागची पाटभर जागा

“माहं तोंड कोनीकडं हाय, महाराज?”

कोठेही बसण्यापूर्वी ती हे विचारीत असे. विचारताना उजव्या हाताचा पंजा कपाळापाशी आडवा धरी, जणू छपराखालीही तिला सूर्य शोधायचा असे. देवळाच्या ओट्यावर पुराण ऐकायला आली तरी हाच प्रश्न, आणि मंडल कार्यालयाच्या व्हरांड्यात शिपायाने बाकावर बसायला सांगितले तरी हाच. ‘पूर्वेला’ किंवा ‘उत्तरेला’ असे उत्तर मिळाले की ती पदर सावरून निश्चिंत टेके. ‘पश्चिमेला’ म्हटले तर थोडी कुरकुरे. आणि ‘दक्षिणेला’ हा शब्द निघाला, तर बसलेली असली तरी उठून उभी राही.

भैंशाच्या बसमध्ये ती एकदा माझ्या पुढच्या आसनावर होती. रस्ता वळला, तशी ती उठून मागे तोंड करून बसली. पुन्हा वळला, पुन्हा उठली. शेवटी कंडक्टरला राहवेना.

“मावशी, गाडी वळून राह्यली, तुमी काऊन वळून राह्यल्या?”

“तुह्या गाडीची वाट पाहनारं घरी कोनी नाई, बापा. माही पाहून राह्यले.”

सारी बस हसली. ती हसली नाही. कारण ती ज्यांच्याविषयी बोलत होती ते तिचे यजमान तेव्हा घरी खाटेवर पडून होते, आणि दक्षिण ही यमाची दिशा आहे हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते. आपले तोंड चुकून तिकडे झाले तर तिकडच्याला वाट दिसेल, असा तिचा साधा हिशेब होता. आपणांपैकी पुष्कळांनी घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या असल्या समजुती पाहिल्या असतील व त्यांना ते मनातल्या मनात हसलेही असतील. मी हसलो नाही. मी जन्मभर दिशा पाहूनच आसन मांडत आलो आहे.

सीमेपलीकडच्या तेलुगू राज्यात, मुधोळच्या अलीकडे, आमच्या गावाच्या टोकाला एक जुने देऊळ आहे. एकोणीसशे ऐंशीनंतरची पुष्कळ वर्षे तेथील पूजा माझ्याकडे होती; सकाळी चार मुलांना स्तोत्रे आणि शब्दरूपे शिकवावीत, सायंकाळी दिवा लावावा, असा माझा क्रम होता. देवळाच्या उताराखाली सरकारने गरिबांसाठी वसाहत बांधली. गाव तिला ‘कालनी’ म्हणे. एकसारखी घरे, एक खोली, एक दार, एक खिडकी, वर सिमेंटचा स्लॅब. त्या रांगेतले शेवटचे घर हिला मिळाले. जातीने माळी, दुसऱ्याच्या विहिरीवर वांगी, मेथी, कोथिंबीर करावी आणि टोपलीतून गावात विकावी. एकुलती एक लेक तलमडुगूकडे दिलेली. यजमानांनी उभे आयुष्य भैंशाच्या जिनिंगमध्ये काढले होते. सरकी काढणाऱ्या रेचाच्या तोंडात कापूस सारण्याचे काम. त्या कापसाची बारीक रुई वर्षानुवर्षे श्वासाबरोबर आत गेली आणि पुढे तिने छातीत घर केले. दोन पावले चालले की ते भिंतीला हात लावून उभे राहत. मग तेवढेही होईना, आणि खाट हेच त्यांचे गाव झाले.

पक्के घर मिळाले तेव्हा तिने देवाला नारळ फोडला. पहिल्या पावसाळ्यात मात्र तिची खरी परीक्षा सुरू झाली. पूर्वीच्या झोपडीत धुराला पळायला शंभर वाटा होत्या. कुडातून, गवतातून, वळचणीखालून. स्लॅबच्या खोलीत तो वर जाई, छताला टेके, आणि हळूहळू खाली उतरून खाटेवर येऊन बसे. उन्हाळ्यात ती बाहेर तीन दगडांवर रांधी. पावसात बाहेर विस्तव टिकत नसे. आत चूल पेटली की यजमानांचा जीव घाबरा होई; त्यांना एकटीने उचलून बाहेर न्यावे इतके बळ तिच्यात नव्हते, आणि नेले तरी बाहेर पाऊस.

“सरकारनं पानी बाहीर ठेवलं, महाराज,” ती मला म्हणाली, “पन धूर आत कोंडला.”

तर्कशास्त्राच्या आरंभी विद्यार्थ्याला शिकवतात, की डोंगरावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे असे समजावे. मी तो पाठ कितीदा शिकवला असेन! त्या खोलीच्या दारात उभे राहिल्यावर प्रथमच वाटले, की धुरावरून आणखीही काही ओळखता येते. आत कोणीतरी आहे आणि त्याला बाहेर पडता येत नाही.

अशात मंडल कार्यालयाने बिनधुराच्या चुली आणल्या. कालनीतल्या प्रत्येक घरी सरकारी खर्चाने मातीची, दोन भांड्यांसाठी दोन वैल असलेली चूल, तिला सिमेंटची नळी, नळी भिंतीतून बाहेर. सरपण कमी लागेल, धूर घरात राहणार नाही. ही योजना राबवायला आलेले साहेब तेलुगू होते. उत्साही आणि मनाचे चांगले. आमच्याशी हिंदीत बोलत, मधूनच मराठी शब्द लावून पाहत. चुलीला मात्र ते ‘पोय्यी’च म्हणत.

लोकांनी चुली बसवून घेतल्या, पण त्या वापरल्या असे म्हणवत नाही. आमच्याकडे सरपण म्हणजे पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की उपटलेली वाळकी झाडे. ती लांब आणि फाटे फुटलेली. सरकारी चुलीचे तोंड लहान. शिवाय भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापाशी उभी करायची तर तेथे जागा नाही. एका घरात कोंबडीने मागच्या वैलावर अंडी घातली आणि साहेब तपासणीला आले तेव्हा ती उठायलाच तयार होईना. घरची बाई म्हणाली, “सायेब, चूल चालू हाय. गरम हाय, हात लावून पाहा.”

हिला मात्र चूल हवी होती. धूर बाहेर काढणारी नळी तिला कोंबडीसाठी नव्हे, यजमानांसाठी हवी होती. अडचण वेगळीच निघाली. तिच्या घराची उत्तरेची भिंत शेजाऱ्याशी सामाईक. पश्चिमेला हातभर बोळ सोडून मागच्या रांगेची दारे. त्यांनी नळी काढू दिली नाही. पूर्वेला दार. आडवी बसवावी तर एकीकडे दार अडते, दुसरीकडे खाट. उरली एकच मोकळी भिंत, दक्षिणेची. तिला टेकून चूल बसवायची म्हणजे रांधणारीचे तोंड दक्षिणेला.

“नाई,” ती म्हणाली, आणि दारात उभी राहिली.

गवंडी माती कालवून बसला होता. साहेबांनी समजावले, मग जरा आवाज चढवला, मग माणूस पाठवून मला देवळातून बोलावून घेतले.

“महाराज, आप बोलो ना इनको. अम्मा सुनती नहीं. इधर ही पोय्यी बैठेगी, दूसरी जागा नहीं.”

मी पाहिले. आत खाटेवर यजमान उशाशी हात रोवून बसले होते. ओठांवर निळसर छटा होती. आभाळ भरून आले होते. मी विचार करून म्हणालो, “बाई, संकटकाळी शास्त्र पुष्कळ सवलती देते. त्याला आपद्धर्म म्हणतात. यांचा जीव वाचावा म्हणून दक्षिणेकडे तोंड केले तर दोष नाही.”

तिने माझ्या पायांना हात लावला. मग म्हणाली, “तुमचं खरं हाय, महाराज. पन आमची आपदा तं रोजची हाय. रोज सवलत घेतली तं मंग नेम कवा पाळू?”

खाटेवरून क्षीण आवाज आला, “अवो, बसू दे ना चूल. मी काई तुह्या तोंडाकडं पाहून मरनार नाई.”

“तुमी उगे राहा,” ती म्हणाली, आणि गवंड्याकडे वळली. “भाऊ, चूल भितीपासून पुढं घे. पाटभर जागा सोड मागं. नळी कोन्यातून काढ.”

“आन मागं काय ठेवशीन, मावशे?”

“मी बसीन.”

असे घडले. सरकारच्या साऱ्या चुलींमध्ये ती एकच चूल भिंतीपासून सुटी उभी राहिली. भिंत आणि चूल यांच्यामध्ये एक पाट मावेल एवढी फट. त्या फटीत ती अंग चोरून शिरे, पाठ दक्षिणेच्या भिंतीला लावी, आणि उत्तरेकडे तोंड करून रांधायला बसे. चुलीचे तोंड मात्र पलीकडे, खाटेच्या बाजूला; गवंड्याकडून तिने ते भाकरी उभी राहील इतके रुंद करून घेतले होते. तेथे तिचा हात पोचत नसे. मग जाळ कोणी सारायचा?

खाटेवरच्या माणसाने.

पऱ्हाटी लांब होती हे इतरांच्या चुलींचे वैगुण्य. येथे तेच कामी आले. बुडखे चुलीत, शेंडे खाटेपाशी. ते कुशीवर वळून, एक हात खाली सोडून, जळेल तशी ती पुढे ढकलीत. ती आतून सांगे, “सारा. बस. आता उगे राहा.” तव्यावर भाकरी एका अंगाने झाली की ती चुलीवरून हात लांब करून त्यांच्याकडे देई, ते ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी करीत आणि फुगली की परत देत. धूर नळीने निमूट बाहेर जाई.

“जीनमदी कापूस सारला, महाराज,” ते मला एकदा म्हणाले, “आता त्याचं लाकूड सारून राह्यलो. देवानं हे झाड माह्या हातातून काई सोडवलं नाई.”

भाकरी पुष्कळदा करपे.

“करपवली ना!” ती पलीकडून ओरडे.

“करपली तं करपली. तोंड तर उत्तरंले हाय ना तुहं!”

मी सायंकाळच्या आरतीनंतर तीर्थ द्यायला जाई तेव्हा हे संवाद ऐकत दारात क्षणभर थांबत असे. त्या एवढ्याशा खोलीत दोघेही बंदिवान होते. एक खाटेवर, एक भिंत आणि विस्तव यांच्यामध्ये. आता ती उन्हाळ्यातही आतच रांधी; वैशाखात फटीतून बाहेर येई तेव्हा तिचा चेहरा तापलेल्या तांब्यासारखा झालेला असे. चूल पेटली आणि वर भांडी चढली की स्वयंपाक आटोपेपर्यंत तिला बाहेर पडता येत नसे. एका अंगाला चुलीचा तापलेला कोपरा आणि नळी. दुसऱ्या अंगाला पाण्याचा रांजण, तो खोलीत दुसरीकडे कोठे मावत नव्हता. कोणी दारात हाक मारली तर ती आतून म्हणे, “थांब बाई, मी अटकली हाय.” कालनीतल्या पोरीसोरी त्यावरून तिला चिडवीत. ‘अटकली मावशी’ हे तिचे नावच पडले. तिला त्याचा राग नव्हता.

साहेबांना मात्र ही उलटी चूल मुळीच पसंत नव्हती. वरचे अधिकारी पाहायला आले तर काय दाखवायचे, ही त्यांची चिंता. प्रत्येक फेरीला ते दारातून म्हणत, “अम्मा, इधर से बैठो ना. सामने से!” आणि ती चुलीमागून म्हणे, “बसीन सायेब, बसीन.”

एका श्रावणात संततधार लागली होती. दिवेलागणीला मी तीर्थ घेऊन गेलो. ती फटीत होती. पुढच्या वैलावर डाळ रटरटत होती. यजमानांना खोकल्याची उबळ आली. नेहमीसारखी वाटली, पण ती थांबेना. त्यांच्या हातातली पऱ्हाटी सुटली, चुलीतून निसटली, आणि तिचे जळते टोक खाटेखाली गेले. खाटेवरून गोधडीचा काठ लोंबत होता.

“महाराज!” ती ओरडली.

मी तीर्थाचे भांडे तसेच त्या जळत्या टोकावर रिकामे केले आणि काटकी पायाने दूर लोटली. एवढ्यात ती चूल ओलांडून आली. डाळीचे भांडे कलंडले, पाय तापल्या मातीवर पडला, पण तिने खाली पाहिले नाही. यजमानांच्या पाठीशी जाऊन तिने त्यांना आपल्या छातीला टेकवून बसवले आणि त्यांची पाठ चोळीत राहिली. श्वास परत यायला फार वेळ लागला. तोपर्यंत तिची पोटरी भाजून लाल झाली होती.

ते शांत झाल्यावर मी बोललो. “बाई, आता हे पुरे. देव दिशा पाहत नाही, भाव पाहतो. उद्यापासून पुढच्या बाजूला बसा. हात मोकळे राहतील, पाय मोकळे राहतील. यांना काही झाले तर उठता येईल.”

तिने यजमानांचा डोळा लागल्याची खात्री करून घेतली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “पुढं बसली तं जाळ मीच सारीन. भाकर मीच शेकीन.”

“मग बरेच की.”

“मंग त्यायनं काय करावं, महाराज?”

मी तीर्थाचे रिकामे भांडे उचलून घेतले.

“आधी दोन दिस जेवत नव्हते. फुकटचं कायले खाऊ म्हनत. आता पऱ्हाटी सारतात, तं भाकर मागतात. करपली म्हनून मी बोलते, तं भांडतात. भांडतात तोवर हायेत.” मग तिने भाजलेल्या पायावर पदराने वारा घातला. “दिशेचं म्हनान, तं ते बी हायेच. मी काई दिशा सोडली नाई.”

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा फटीत शिरलेली मी पाहिली. एवढाच बदल होता की खाटेपाशी पाण्याने भरलेला तांब्या आला होता, आणि गोधडीचा काठ आत खोचलेला होता.

पुढचा कापूस वेचून झाला. शेतकऱ्यांनी पऱ्हाटी उपटली. तिने मागून आणून दाराशी तिचा मोठा ढीग रचला, वर्षभर पुरेल एवढा. तो ढीग जेमतेम वापरायला काढला असेल नसेल, तोच एका दुपारी यजमान गेले. उबळ नव्हती, धूर नव्हता. ती वांग्यांची टोपली घेऊन गावात गेली होती. परत आली तेव्हा ते खाटेवर कुशीवर वळलेले, एक हात खाली सोडलेला, जाळ सारायला सोडत तसा.

त्यांचे दिवस मीच केले. सुतक असेपर्यंत त्या घरात चूल पेटली नाही. शेजारच्या बायका तिला भाकरी आणून देत आणि ती त्या हातात धरून बसे. लेक आली, “चाल माह्याकडं” म्हणून हट्ट करून थकली. खाट मोडून बाहेर ठेवली गेली. खोली एकाएकी मोठी झाली, आणि तिला त्या मोकळ्या जागेत वावरताच येईना. सवयीने भिंतीला धरून, अंग चोरूनच चाले.

तेरावे झाल्यानंतर थोड्याच दिवसांत मंडल कार्यालयाची गाडी आली. वरचे अधिकारी खरोखरच पाहणीला आले होते. आमचे साहेब घाईने देवळात आले. “महाराज, आप साथ में चलो. अम्मा को थोडा समझाओ. आज एक दिन सामने बैठ जाए, बस.”

त्या घरात काय घडून गेले आहे हे त्यांना ठाऊक नसावे. वाटेत मी सांगितले. ते थबकले, हळहळले. “अरेरे! मग आज राहू द्या,” असे मराठीत म्हणाले. पण मोठे अधिकारी तोपर्यंत त्या दाराशी पोचले होते.

दार उघडे होते. आम्ही आत पाहिले.

ती चुलीच्या पुढे बसली होती. फटीत नव्हे, पुढे. जेथे सरकारने तिला बसायला सांगितले होते तेथे. एका हाताने पऱ्हाटी सारीत होती, दुसऱ्याने तव्यावरची भाकरी फिरवीत होती. तोंड थेट दक्षिणेच्या भिंतीकडे. खोलीत धुराचा मागमूस नव्हता.

मोठे अधिकारी प्रसन्न झाले. त्यांनी नळी पाहिली, वाकून जाळ पाहिला, आणि तिला किती सरपण लागते ते विचारले. “एकटीले किती लागते,” असे ती म्हणाली, ते त्यांना समजले नाही. बरोबरच्या माणसाने तिचे चुलीसह छायाचित्र घेतले. आमच्या साहेबांचा चेहरा उजळला होता. निघताना त्यांनी माझा हात दाबला आणि हळूच म्हणाले, “देखा महाराज? आखिर अम्मा समझ गई.”

मी मान हलवली. ते चांगले मनुष्य होते. त्यांच्या आनंदावर पाणी घालावेसे वाटले नाही.

गाडी गेली. मी उंबऱ्याच्या आत एका बाजूला टेकलो. मी थोडा वेळ वाट पाहिली, की आता ती विचारील. इतक्या वर्षांत माझ्यासमोर ती तो प्रश्न विचारल्यावाचून कधी बसली नव्हती. तिने विचारले नाही.

“बाई,” शेवटी मीच म्हणालो, “तोंड दक्षिणेला आहे.”

“ठाव हाय, महाराज,” ती जाळावरची नजर न काढता म्हणाली. “ते तिकडंच गेले ना.”

चुलीपलीकडच्या फटीत तिचा तो पाट तसाच मांडलेला होता. पुसून स्वच्छ केलेला, शेजारी खाटेपाशी असायचा तो तांब्या, पाण्याने भरलेला. भाकरी एका अंगाने झाली. तिने ती तव्यावरून उचलली आणि तिचा हात सवयीने चुलीवरून पलीकडे गेला, आणि त्या रिकाम्या पाटाशी, कोणी ती घेईल म्हणून, तसाच थांबला.